संकल्पचित्रातलं ऊन

सरकारी इमारतीचं भूमिपूजन असलं की मांडवामागे फ्लेक्स लागतो. वर मान्यवरांचे फोटो आणि खाली नियोजित इमारतीचं संकल्पचित्र. आकाश निळंशार, दर्शनी बाजूला दोन मजले उंचीची निळसर काच, पुढे हिरवळ आणि बॉटल पामची रांग, समोर रिकामा गुळगुळीत रस्ता, आणि हातात बॅग घेतलेली चार-दोन सडपातळ माणसं. आपलं मुरुम असो, उमरगा असो की तुळजापूर, चित्र जवळपास एकच. काही वर्षांनी इमारत उभी राहते, फीत कापली जाते, आणि आणखी दोन पावसाळ्यांनी त्या चित्राशेजारी ती धरली तर दोघांचं नातं जेमतेम ओळखू येतं. यावर आपलं उत्तर ठरलेलं असतं: पैसे खाल्ले. पैसे खाल्ले जातात हे मी नाकारत नाही. पण सगळा दोष तिथं टाकून मोकळं झालं की खरं दुखणं तसंच राहतं. माझं म्हणणं असं, की आपली कार्यालयं बांधताना जेवढी बिघडतात त्याहून जास्त ती चित्र काढतानाच बिघडलेली असतात. चित्रात जे काढलेलं नसतं त्याची सोय कुणी करत नाही, आणि ज्याची सोय झालेली नसते तेच पुढे येऊन इमारतीच्या तोंडावर बसतं.

वापरात आलेल्या एखाद्या तालुका पातळीवरच्या कार्यालयाचा दर्शनी भाग जवळून पाहावा. पहिल्या मजल्यावर साहेबांच्या केबिनचा एसी असतो. त्याचं बाहेरचं युनिट लोखंडी अँगलवर, दर्शनी भागावरच्या एसीपीच्या (अॅल्युमिनियमच्या) पत्र्याला भोक पाडून बसवलेलं. त्यातून ठिबकणाऱ्या पाण्याचा हिरवट ओघळ खालच्या मजल्यापर्यंत उतरलेला, आणि तांब्याच्या नळीवर गुंडाळलेली पट्टी उन्हानं सुटून लोंबणारी. शेजारून इंटरनेटची काळी वायर खिडकीच्या फटीतून आत गेलेली असते, त्यामुळे ती खिडकी बोटभर कायमची उघडी. पावसाचं पाणी तिथूनच फायलींच्या कपाटावर येतं. गच्चीवर काळ्या टाक्या, आणि स्लॅब गळायला लागला म्हणून नंतर टाकलेली निळ्या पत्र्याची शेड. पोर्चमध्ये मोटारसायकली, कारण आवारात सावली तेवढीच. फाटकाबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेले अर्जनवीस आणि मुद्रांक विक्रेते, पलीकडे झेरॉक्स, त्यापलीकडे चहा. यातली एकही गोष्ट अनपेक्षित नाही. एसी लागणार, पाणी साठवावं लागणार, लोक मोटारसायकलवर येणार, दाखल्यासाठी आलेला माणूस तास-दोन तास ताटकळणार, हे भूमिपूजनाच्या मांडवात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पण ते चित्रात नसतं, म्हणून नकाशात येत नाही. नकाशात नाही म्हणून अंदाजपत्रकात नाही. आणि अंदाजपत्रकात नाही म्हणून ते शेवटी ज्याला जसं जमेल तसं, जिथं जागा सापडेल तिथं ठोकून बसवलं जातं.

चित्र आणि इमारत यांचं जुळणं अशक्य असतं, असं कुणी म्हणेल तर त्याला मुंबईला न्यावं. आज ज्याला आपण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतो ते नुसतं स्टेशन नाही, मुळात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचं मुख्य कार्यालय आहे. आजही मध्य रेल्वेचा कारभार तिथूनच चालतो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या आराखड्यावरून अॅक्सेल हेग या स्वीडनमध्ये जन्मलेल्या रेखनकारानं १८७८ च्या सुमारास त्याचं जलरंगातलं चित्र काढलं. ते १८८० मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत मांडलं गेलं. तेव्हा इमारतीचं काम नुकतं सुरू झालेलं होतं. पूर्ण व्हायला १८८८ उजाडलं. त्या चित्राची प्रत हातात घेऊन आज महापालिकेच्या बाजूनं उभं राहिलं तर घुमट, टोकदार गेबल, कोपऱ्यांतले मनोरे, कमानींच्या ओळी सगळं ओळखीचं लागतं. हे जुळलं ते हेगचा हात चांगला होता एवढ्यासाठी नाही. त्याला जे काढायचं होतं ते आधीच ठरलेलं होतं. मजल्यामजल्यावरच्या कमानींमागचे खोल व्हरांडे शोभेचे नव्हते. मुंबईचं ऊन आणि पाऊस कचेरीच्या भिंतीपर्यंत येऊ न देण्याचं काम त्यांच्याकडे होतं. हवामानाचं उत्तरच इमारतीचा चेहरा झालं होतं, त्यामुळे ते उत्तर नंतर वेगळं चिकटवायची पाळी आली नाही. कोरीवकाम करणारे हातही गावातच होते. मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी ते केलं. आणि त्याच काळात असं चित्र फसल्याचं उदाहरणही आहे. हेग ज्याच्यासाठी चित्रं काढत असे त्या विल्यम बर्जेसनं १८६६ मध्ये याच कलाशाळेच्या इमारतीसाठी केलेला देखणा आराखडा खर्च झेपणार नाही म्हणून कागदावरच राहिला. म्हणजे त्या काळीही चित्र खिशाच्या पुढे धावत असे. फरक एवढाच, की तेव्हा झेपणार नसलेली इमारत बांधलीच गेली नाही. आपण ती बांधतो, आणि तिच्यातलं एकेक काढून टाकत बांधतो.

आता काचेकडे वळतो, कारण चित्र आणि इमारत यांच्यातली सगळ्यात मोठी फारकत काचेत होते. वांद्रे-कुर्ला संकुलापासून तालुक्याच्या नव्या व्यापारी संकुलापर्यंत प्रत्येक संकल्पचित्रात काच पारदर्शक असते. आतले दिवे, टेबलं, जिना, माणसं सगळं बाहेरून दिसतं आणि इमारत आतून उजळल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात दिवसा बाहेरचा उजेड आतल्या उजेडाच्या कितीतरी पट असतो, म्हणून बाहेरून काच काळपट दिसते किंवा समोरच्या इमारतीचा आरसा होते. आतलं काही दिसत नाही. चित्रातली ती झळाळी संध्याकाळी, आकाशातला उजेड विझत असताना, थोडा वेळच मिळते. राज्य सरकारच्या कार्यालयांची वेळ पावणेदहा ते सव्वासहा. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य मावळतो पावणेसातच्या सुमारास. म्हणजे चित्रातलं कार्यालय ज्या घडीला सर्वात सुंदर दिसतं त्या घडीला खऱ्या कार्यालयाला कुलूप लागलेलं असतं, आणि ज्या वेळेत लोक तिथं येतात त्या वेळेचं चित्र कुणी काढलेलंच नसतं. आत बसणाऱ्याची गत वेगळी. काचेतून ऊन टेबलावर येतं, संगणकाचा पडदा दिसेनासा होतो, म्हणून पडदे ओढले जातात, काही ठिकाणी काचेला वर्तमानपत्रं चिकटवली जातात, आणि भर दुपारी दिवे लावून काम चालतं. काचेची भिंत उभारून उजेड बाहेर ठेवायचा आणि वीज जाळायची, याला शहाणपण कसं म्हणावं मला समजत नाही.

चित्रातलं ऊन नेहमी सौम्य आणि तिरपं असतं, हे पैसेवाल्या देशांतही महागात पडलेलं आहे. लंडनमधल्या २०, फेन्चर्च स्ट्रीट या राफाएल विन्योलीच्या मनोऱ्याची दक्षिणेकडची काच आत वळलेली आहे. २०१३ च्या ऑगस्टअखेरीस काम चालू असतानाच तिच्यावरून परावर्तित झालेलं ऊन रस्त्यावर एकवटलं आणि तिथं उभ्या केलेल्या एका जग्वार गाडीचे भाग वितळले. विकासकांनी गाडीच्या मालकाला दुरुस्तीचे ९४६ पौंड दिले आणि मनोऱ्यावर नंतर उन्हाच्या पट्ट्या बसवल्या. ही लंडनची गोष्ट, जिथं सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. मुरुम साधारण पावणेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात इथं शून्य सावलीचा दिवस येतो, ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा येतो, आणि त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य उत्तरेच्या बाजूला झुकलेला असतो. उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही हा पुस्तकी नियम आपल्या गावात अडीच-पावणेतीन महिने खरा नसतो. पश्चिमेची भिंत तर दुपारी तीनपासून तापते आणि रात्रीपर्यंत तापलेली राहते. ज्या गावात ऊन असं वागतं तिथं रुंद छज्जा, खोल व्हरांडा, पश्चिमेला जिना आणि स्वच्छतागृहं, ही इमारतीची पहिली गरज. संकल्पचित्रात छज्जा नसतो, कारण छज्जा आला की काचेवर सावली पडते आणि काच चमकत नाही. ज्या वस्तूची सर्वात जास्त गरज तीच चित्राच्या देखणेपणासाठी वगळलेली असते.

पैशाचा मुद्दा मी टाळत नाही; उलट तो नीट पाहिला तर चित्राचाच दोष अधिक स्पष्ट होतो. इमारत पायापासून वर जाते. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगाळते. खोदल्यावर पाया अपेक्षेपेक्षा खोल न्यावा लागला की तिथंच अंदाजपत्रक हलतं. मग सिमेंट-सळईचे भाव वाढतात, ठेकेदारानं काम मिळवण्यासाठी कमी दराची निविदा भरलेली असते, सुधारित प्रशासकीय मान्यतेची फाईल फिरत राहते. या सगळ्यातून सांगाडा उभा राहतोच, कारण त्याशिवाय इमारत नाही. कात्री लागते ती शेवटच्या कामांना: दर्शनी दगड, आवारातली फरसबंदी, झाडं, पावसाच्या पाण्याचे पाट, वाहनतळाची शेड, उन्हाच्या जाळ्या. आणि संकल्पचित्रात दिसतं ते सगळं नेमकं या शेवटच्या कामांचंच बनलेलं असतं. पाया चित्रात दिसत नाही, पण पैसा आधी त्यालाच लागतो. एकच उदाहरण घेऊ. अपंगांसाठीच्या उताराचं प्रमाण एकास बारा असावं लागतं, म्हणजे जोतं एक फूट उंच तर उतार बारा फूट लांब. पावसाचं पाणी आवारात तुंबतं हे काम चालू असताना लक्षात येतं आणि जोतं दोन फुटांनी वर घेतलं जातं. आता उताराला चोवीस फूट जादा लांबी हवी. तेवढी जागा नकाशात नाही, कारण चित्रात दोनच ऐटबाज पायऱ्या होत्या. मग आहे त्याच लांबीत उभा चढ तयार होतो, त्याला स्टीलचे चकचकीत कठडे लागतात, तपासणीच्या कागदावर ‘उतार आहे’ अशी खूण होते, आणि चाकाची खुर्ची घेऊन आलेल्या माणसाला चौघांनी उचलून वर न्यावं लागतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो अधिकाऱ्यांइतकाच आपल्यातल्या सुशिक्षितांकडूनही येतो: इमारत चांगलीच असते, लोकच ती घाण करतात, पानाच्या पिचकाऱ्या मारतात, वाटेल तिथं गाड्या लावतात, फ्लेक्स बांधतात. पिचकारीचं समर्थन मी करणार नाही. पण बाकीचं वागणं बेशिस्तीचं की गरजेचं, हे आपल्या भागानं फार मोठी किंमत देऊन पाहिलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूरमधली आणि आपल्या जिल्ह्यातली, सास्तूरसारखी त्या वेळच्या उमरगा तालुक्यातली गावं जमीनदोस्त झाली. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागेवर वसवली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं, सरळ रुंद रस्ते, चौकोनी भूखंड, सगळं कागदावर आखीव होतं, आणि त्या घाईच्या, दुःखाच्या काळात इतक्या लोकांच्या डोक्यावर भक्कम छप्पर आलं हे फार मोठं काम होतं. पण आराखड्यात जनावरांना जागा नव्हती, कडब्याला नव्हती, धान्याला नव्हती, चूल आणि अंगण यांचं जुनं नातं नव्हतं. लोकांनी हळूहळू पत्रे टाकले, भिंती घातल्या, गोठे उभे केले, दारापुढे ओटे केले. आज त्या वसाहती मूळ आराखड्यासारख्या दिसत नाहीत म्हणून कुणी रहिवाशांना दोष देईल का? त्यांनी आराखडा बिघडवला नाही, त्यात राहून गेलेलं भरून काढलं. कार्यालयाच्या पोर्चमध्ये मोटारसायकल लावणारा आणि फाटकाशी टेबल टाकणारा माणूस वेगळं काही करत नाही. मोठ्या नावांनाही यातून सुटका नाही. वास्तुविशारद ल कॉर्बूझिएनं चंदीगडच्या सचिवालयाला उन्हासाठी काँक्रीटच्या खोल जाळ्या विचारपूर्वक दिल्या, तरी पुढे कर्मचाऱ्यांनी तिथंही एसी टांगलेच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चित्र हे स्वप्न असतं, आणि स्वप्न दाखवल्याशिवाय ना निधी मिळतो ना पाठिंबा. त्याला हिशेबाची वही केलं तर काहीच उभं राहणार नाही, असं म्हणतात. यात तथ्य आहे. मुरुमसारख्या छोट्या नगरपरिषदेला मुंबईतून निधी आणायचा तर फाईलच्या वर एक देखणं पान लागतंच. पण स्वप्न दाखवणारा त्याला बांधील असावा, हे आपल्या कायद्यानं एका ठिकाणी मान्य केलेलं आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे खोट्या जाहिरातीवर किंवा नमुन्यावर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला भरपाई मागता येते, आणि त्या कायद्यात कार्यालयाचे गाळेही येतात. १४ वं कलम मंजूर नकाशात ग्राहकांच्या संमतीशिवाय मोठा बदल करू देत नाही. पुण्यात ऑफिसचा गाळा घेणाऱ्याला जो आधार आहे तो स्वतःच्या करातून नगरपरिषदेची इमारत बांधणाऱ्या नागरिकाला नाही. फ्लेक्सवरच्या चित्राला कुणीच बांधील नसतं. आणि स्वप्न मोठं असलं म्हणजे माणसं येतात, हेही खरं नाही. गुजरातेत गिफ्ट सिटीच्या सुरुवातीच्या चित्रांत काचेच्या मनोऱ्यांचं जंगल होतं. बरीच वर्षं तिथं मोकळ्या मैदानात दोन उंच इमारती तेवढ्या होत्या. सूरतच्या हिरे बाजाराचं तर उलट झालं. तिथं चित्र आणि इमारत यांत फारकत नाही: नऊ मनोरे, पंधरा मजले, जगातल्या सर्वात मोठ्या कार्यालयीन इमारतींत गणना, १७ डिसेंबर २०२३ रोजी उद्घाटन. पण मुंबईचे व्यापारी अपेक्षेप्रमाणे हलले नाहीत आणि बरेच गाळे बंद राहिले. दगड, काच, उंची सगळं चित्रासारखं उतरलं. चित्रातली माणसं मात्र आली नाहीत.

संकल्पचित्रात माणसं सर्वात शेवटी टाकतात. तयार साच्यातून कापून आणलेली ती माणसं कुठल्याही देशाची, कुठल्याही कामाला आलेली असू शकतात. मला वाटतं क्रम उलटा व्हायला हवा. मुरुमच्या एखाद्या कार्यालयाचं चित्र काढायचं तर आधी आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी एक वाजता तिथं किती माणसं, कोण, कशासाठी थांबतील ते काढावं. धोतर नेसलेले आजोबा, लेकराला कडेवर घेतलेली बाई, शिष्यवृत्तीच्या दाखल्यासाठी आलेली कॉलेजची मुलं. त्यांना बसायला जागा, प्यायला पाणी, अर्ज लिहून देणाऱ्याला ओटा, गाड्यांना सावली. मग त्यांच्याभोवती इमारत काढावी, टाक्या आणि एसीच्या युनिटांसकट, मे महिन्याच्या उन्हात. असं चित्र कमी देखणं निघेल, असं धरून चालायचं कारण नाही. स्टीव्हन्सच्या व्हरांड्यांना देखणेपणा त्या उन्हापावसाकडूनच मिळाला.

हे आपोआप होणार नाही, म्हणून वाचकांना एक विनंती आहे. आपल्या गावात पुढचं भूमिपूजन होईल तेव्हा फ्लेक्सवरच्या चित्राचा फोटो काढून ठेवा, आणि त्याच आठवड्यात मंजूर नकाशा आणि अंदाजपत्रक मागा. छज्जा किती फुटांचा आहे, बसायची जागा कुठं आहे, उतार किती लांब आहे, वाहनतळ कागदावर आहे की नाही, एवढे चार प्रश्न विचारले तरी पुरे. पाया भरण्याआधी विचारले तर बदल करता येतो, नंतर फक्त तक्रार करता येते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात ‘माहितीचा अधिकार’ याचा अर्थ कागदाची प्रत मिळणं एवढाच नाही. चालू कामाची पाहणी करणं आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हेही त्यात आहे. अर्ज साध्या कागदावर करता येतो, आणि त्याला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो.